एक पान, एक मोटर: ओरिगामी आणि रोबोटिक्सची पहिली जोडणी

लाजाळूच्या पानाला बोट लावले की ते मिटते. त्या वेळी आपण पानाकडे बघतो, देठाकडे कुणी बघत नाही. खरे काम मात्र तिथे चालते. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक बारीक, फुगीर सांधा असतो. स्पर्श झाला की त्याच्या एका बाजूच्या पेशींमधले पाणी झटकन बाहेर पडते, ती बाजू ढिली होते आणि पर्णिका वळते. ना स्नायू, ना हाड. जोर लागतो तो एवढ्याशा सांध्यापुरता. बाकीचे सगळे पानाची ठेवणच करून घेते.

ओरिगामी आणि रोबोटिक्स एकत्र आणू पाहणाऱ्याला मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. हालचाल कागदाच्या घडीत आधीपासून असते, मोटरीने तिला फक्त हलकेच ओढायचे असते. बहुतेकांची सुरुवात उलटी होते. आधी मोटरी येतात आणि मग त्यांच्यावर कागदाचे फूल चिकटवले जाते. माझे पहिले फूलही तसेच होते: पाच पाकळ्या, पाच मोटरी. पाकळ्या हलत होत्या, पण फूल उमलत नव्हते. पुढे एका पानाला नीट घडी घातली आणि एकाच धाग्याने ते ओढले, तेव्हा सबंध पान लांबीत आणि रुंदीत एकाच वेळी मिटले. त्या दिवसापासून मी मोटरी कमी करत आलो आहे.

या लेखात तसेच एक पान करायचे आहे. ते वरून खाली लटकेल, हात जवळ आला की मिटेल आणि हात दूर गेला की सावकाश उलगडेल. एक दिवस कागदासाठी ठेवा आणि एक मोटरीसाठी. दोन्ही कामे एकाच दिवशी उरकायला जाऊ नका. घाईत घातलेल्या घड्या मोटर लावल्यावर दगा देतात.

आधी निसर्गात बघा

हॉर्नबीम आणि बीच या झाडांची कोवळी पाने कळीतून बाहेर येताना बघायला मिळाली तर जरूर बघा, निदान त्यांचे चित्रीकरण तरी बघा. मधोमध मध्यशीर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना सरळ, समांतर उपशिरा. कळीत हे पान त्या शिरांवरच पंख्यासारखे चुणीदार मिटलेले असते. या उलगडण्याचा भूमितीच्या अंगाने केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक सुंदर निरीक्षण आहे: उपशिरा मध्यशिरेशी जितक्या काटकोनाजवळ जातील, तितके पान कळीत घट्ट मावते, पण उलगडायला वेळ जास्त घेते. म्हणजे पान किती वेळात उघडणार, हेही त्या कोनात लिहिलेले असते.

किड्यांच्या जगात तर याहून भारी नमुने आहेत. लेडीबर्डचे मागचे पंख कडक कवचाखाली घडी होऊन बसतात. ती घडी कवचाआड कशी पडते हे दिसावे म्हणून टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी कवचाच्या एका भागाच्या जागी पारदर्शक कृत्रिम तुकडा बसवला होता. ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. इअरविग या किड्याचा पंख मिटलेल्या अवस्थेपेक्षा उघडल्यावर दहापटींहून मोठा होतो.

आपण जी घडी घालणार आहोत तिची मोठी बहीण म्हणजे मिउरा घडी. जपानी खगोलभौतिक शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९९५ मध्ये सोडलेल्या जपानच्या 'स्पेस फ्लायर युनिट' या उपग्रहावर सौरपट्ट उलगडण्याच्या प्रयोगात ती वापरली गेली. एक कोपरा धरून ओढला की अख्खा पृष्ठभाग उघडतो, हे तिचे वैशिष्ट्य. तिच्यातला एकच पट्टा वेगळा काढला की हॉर्नबीमचे पान समोर येते.

कागद

कागदावर मी मुद्दाम जास्त लिहितो आहे, कारण नव्वद टक्के अपयश इथेच दडलेले असते.

३० सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद तुकडा लागेल. जाडी ९० ते १२० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) दरम्यान असावी. क्राफ्ट पेपर सगळ्यात चांगला. त्याचे तंतू लांब असतात, म्हणून शेकडो वेळा दुमडूनही तो घडीवर लवकर फाटत नाही. ट्रेसिंग पेपरमागे दिवा लावला की पान फार देखणे दिसते, पण त्याच्या घड्या पांढऱ्या पडतात आणि थोड्याच दिवसांत चिरतात. टायव्हेक हा प्लास्टिकच्या तंतूंचा कागद फाटत नाही, पण त्यात घडीची धार टिकत नाही. जाड कार्डशीट मात्र घेऊ नका. ते घडी उघडायचा हट्ट धरते आणि छोटी मोटर नुसती गुरगुरत राहते. असल्याच एका पानापायी माझ्या एका मोटरीचे प्लास्टिकचे दाते झिजून गेले.

कागदाच्या तंतूंची दिशाही बघून घ्या. कागद एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवा. ज्या दिशेने तो सहज गोल वळतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर त्याचे तंतू असतात. मध्यशीर तंतूंच्या दिशेने ठेवली की तिची घडी स्वच्छ पडते.

घडी घालताना

हे काम टेबलावर, चांगल्या उजेडात करा. जवळ धातूची पट्टी, ४५ अंशांचा गुण्या आणि शाई संपलेले बॉलपेन ठेवा. शाई नसलेल्या पेनाने दाबून रेघ ओढली की कागदावर खाच पडते, पण तो कापला जात नाही. घडी मग त्याच रेघेवर पडते.

कागद लांबीत बरोबर मधोमध दुमडा. ही मध्यशीर. दुमडलेल्या कडेवर दर ३ सेंमीवर खूण करा, अशा नऊ खुणा होतील. प्रत्येक खुणेपासून गुण्याच्या आधाराने ४५ अंशांत, पानाच्या शेंड्याकडे झुकणारी खाच बाहेरच्या कडेपर्यंत ओढा. सगळ्या खाचा एकमेकींना समांतर असाव्यात. दोन्ही थर एकत्र धरून प्रत्येक खाचेवर कागद आधी पुढे आणि मग मागे दुमडा, दोन्ही वेळा नखाने दाबा. दोन्हीकडे दुमडणे टाळू नका. कागद उघडल्यावर एका अर्ध्या भागातल्या घड्यांची दिशा आपल्याला उलटवायची असते. त्या दोन्ही बाजूंनी आधीच मोडलेल्या असल्या तर चटकन ऐकतात.

आता, कागद दुमडलेलाच असताना, बाहेरची कड कात्रीने अर्ध्या पानाच्या आकारात कापा. दोन्ही टोके निमुळती करा, पण अगदी टोकदार नकोत. धागा बांधायला थोडा कागद उरला पाहिजे.

कागद उघडा. समोर 'व्ही' अक्षरासारख्या नऊ रेघा दिसतील आणि त्यांना मधोमध छेदणारी मध्यशीर. आपल्या बाजूला उंच येते ती डोंगरघडी आणि आत जाते ती दरीघडी. शेंड्याकडचा पहिला व्ही डोंगर, दुसरा दरी, तिसरा डोंगर, असे एकाआड एक करत जा. मध्यशीरसुद्धा खुणेगणिक पालटते. व्ही डोंगर असेल तर त्याच्या शेंड्याकडचा मध्यशिरेचा तुकडा दरी आणि बुडाकडचा तुकडा डोंगर. व्ही दरी असेल तिथे याच्या नेमके उलट.

वाचताना हे किचकट वाटते, हाताला मात्र लवकर उमगते. शेंड्यापासून सुरुवात करा. दोन अंगठे पहिल्या व्हीच्या दोन हातांखाली ठेवा आणि तर्जनीने मध्यबिंदू अलगद आत ढकला. कागद क्षणभर अडतो आणि मग 'टक्' करून बसतो. तो बसला की पुढच्या व्हीकडे वळा. कुठलाही बिंदू जबरदस्तीने बसवू नका. अडला तर मागच्या दोन बिंदूंपैकी एक उलटा बसलेला असतो. चूक तपासायची एक पक्की खूणगाठ आहे: एका बिंदूपाशी चार घड्या भेटतात, त्यांपैकी तीन एका जातीच्या आणि एक दुसऱ्या जातीची असली पाहिजे. दोन-दोन आल्या की तो बिंदू सपाट मिटणार नाही. जुन माएकावा या जपानी ओरिगामीकारांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

सगळे बिंदू बसले की पान मिटवा, दोन जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. सकाळी शेंडा धरून हळूच ओढा. लांबी वाढताना रुंदीही आपोआप वाढेल. हा क्षण मला अजूनही, इतकी पाने करूनही, तितकाच आवडतो.

धागा

चुणीदार पडद्यांमध्ये दोरी सगळ्या चुण्यांच्या मधून आरपार जाते. आपल्यालाही तसेच करायचे आहे. मध्यशिरेच्या प्रत्येक ३ सेंमी तुकड्याच्या मध्यावर सुईने भोक पाडा. भोक पाडण्याआधी तिथे नखाएवढी पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर काही दिवसांत धागा कागद करवतीसारखा कापत जातो.

भोकांतून तंगुसाचा बारीक धागा ओवा. सुती धागा नको, तो कागदाला घासून अडतो. शेंड्याच्या शेवटच्या भोकाबाहेर एक मणी बांधा. साधारण ५ ते ८ ग्रॅमचा मणी दुहेरी काम करतो: गाठ निसटू देत नाही आणि धागा सैल सोडला की आपल्या वजनाने पान उलगडतो. पानाचे बूड एका काठीला किंवा जाड तारेच्या फांदीला पक्के बांधा आणि पान खाली लटकू द्या. स्प्रिंगची गरज नाही. मिटवण्याचे काम मोटर करेल, उलगडण्याचे गुरुत्वाकर्षण.

मोटर लावण्याआधी धागा हाताने ओढून बघा. निदान वीस वेळा ओढा. इथे एक महत्त्वाची मर्यादा ठरवायची आहे: पान कधीही पूर्ण सपाट होऊ देऊ नका. सपाट अवस्थेत आलेल्या कागदाला परत कुठल्या बाजूने दुमडायचे हे ठाऊक नसते, आणि एखादा बिंदू उलटा फिरून सगळी रांग बिघडवतो. ३० सेंमीचे पान उघडे असताना साधारण २७ सेंमीवर थांबेल एवढाच धागा सैल सोडा. मिटल्यावर ते १५ सेंमीपर्यंत आले की डोळ्याला पुरते. म्हणजे धाग्याची एकूण सरक १२ सेंमी.

मोटर आणि वीज

एसजी९० ही छोटी सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर, या कामाला पुरेशी आहे. वजन ९ ग्रॅम, फिरण्याचा आवाका सुमारे १८० अंश आणि ४.८ व्होल्टवर ताकद साधारण १.८ किलोग्रॅम-सेंमी, म्हणजे अक्षापासून १ सेंमीवर १.८ किलोचा ओढा. आपण तिला ७ सेंमी लांब, हलक्या लाकडी पट्टीचा हात लावू आणि त्याच्या टोकाला धागा बांधू. तो हात १२० अंश फिरला की त्याचे टोक सरळ रेषेत सुमारे १२ सेंमी सरकते, नेमके आपल्याला हवे तेवढे. पान, मणी आणि घर्षण मिळून ५० ग्रॅमचा ओढा धरला तरी ७ सेंमीवर तो ०.३५ किलोग्रॅम-सेंमी होतो. मोटरीला हे सहज झेपते. यापेक्षा मोठे पान करायचे झाले तर हाच गुणाकार आधी मांडा.

मोटर पानाजवळ लावू नका. काठीच्या मागे, आडोशाला ठेवा आणि धागा रिकाम्या रिफिलच्या नळीतून तिच्यापर्यंत न्या. मोटरीखाली मऊ फोमचा तुकडा ठेवला की गुणगुण बरीच कमी होते. पान मिटताना बघणाऱ्याच्या कानावर मोटरीचा आवाज पडला तर त्याचे लक्ष पानावरून उडते.

चालवायला आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड किंवा तसाच कुठलाही बोर्ड घ्या. मोटरीच्या तीन तारांपैकी तपकिरी ऋण, लाल धन आणि नारिंगी सिग्नलची. सिग्नलची तार ९ नंबरच्या पिनला जोडा. मोटरीला वीज मात्र बोर्डवरून देऊ नका. ५ व्होल्टचा निदान १ अँपिअर देणारा वेगळा पुरवठा घ्या आणि त्याची ऋण तार बोर्डच्या ऋण पिनशी जरूर जोडा. ही जोडणी राहून गेली की मोटर वेड्यासारखी थरथरते, आणि नवखा माणूस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. मोटरीच्या धन-ऋण तारांमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर बोर्ड मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा त्रासही टळतो. त्याची ऋण बाजू उलटी लागणार नाही एवढे बघा.

हात बसवण्याआधी मोटर ९० अंशांवर आणून ठेवा, मग मधल्या स्थितीत पट्टी बसवा. हालचाल ३० ते १५० अंशांतच ठेवा. दोन्ही टोकांना मोटर अडते, तापते आणि खराब होते.

हालचालीचा वेग

आर्डुइनोच्या उदाहरणांमध्ये सर्व्होखाली 'स्वीप' नावाचा तयार प्रोग्रॅम आहे. तो मोटर एकेक अंश सरकवतो आणि दर अंशानंतर १५ मिलिसेकंद थांबतो. तो आधी आहे तसा, फक्त दोन्ही टोके ३० आणि १५० करून, चालवून बघा. पान हलेल, पण खिडकीच्या पडद्यासारखे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने.

सजीवांची हालचाल अशी नसते. ती दबकत सुरू होते, मध्ये वेग घेते आणि थांबण्यापूर्वी मंदावते. यासाठी थांबण्याचा वेळ प्रत्येक अंशाला वेगळा ठेवा: सुरुवातीच्या आणि शेवटच्या वीस अंशांत ६० मिलिसेकंद, मधल्या भागात २०. गणिताची आवड असेल तर कोसाइनच्या वक्राने कोन काढा, त्याहूनही मऊ चाल मिळते.

मिटण्याचा आणि उलगडण्याचा वेगही सारखा ठेवू नका. लाजाळू सेकंदांत मिटते आणि उलगडायला तिला कित्येक मिनिटे लागतात. आपले पान वरच्या आकड्यांप्रमाणे चार सेकंदांत मिटू दे, मग वीस सेकंद तसेच राहू दे आणि उलगडायला पूर्ण मिनिटभर घेऊ दे. या वीस सेकंदांच्या शांततेत बघणारा माणूस श्वास धरून उभा राहतो. माझ्या मते या कलाकृतीचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एकच ओळ लागते.

पान पूर्ण उघडले की मोटरीचा सिग्नल बंद करा, त्यासाठी सर्व्हो लायब्ररीत 'डिटॅच' ही आज्ञा आहे. मोटर गप्प होते आणि विश्रांतीही घेते.

जवळ आलेला हात ओळखणे

एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. मायक्रोसेकंदांतल्या त्या वेळेला ५८ ने भागले की अंतर सेंमीत मिळते.

मोजमापे अधूनमधून भलतीच येतात. म्हणून लागोपाठ पाच घ्या, क्रमाने लावा आणि मधले धरा. मर्यादाही एक नको, दोन ठेवा: हात ४० सेंमीच्या आत आला तर मिटायचे, पण ७० सेंमीच्या पलीकडे गेल्याशिवाय उलगडायला सुरुवात करायची नाही. मर्यादा एकच असेल तर तिच्या काठावर उभ्या असलेल्या माणसासमोर पान सारखे मिट-उघड करत राहते.

सेन्सर कुठे लावता यालाही महत्त्व आहे. माझे एक पान एका संध्याकाळी, समोर कुणी नसताना, आपोआप मिटत आणि उलगडत राहिले. तारा तपासल्या, प्रोग्रॅम तपासला, सगळे ठीक होते. शेवटी लक्षात आले की पान पूर्ण उघडले की त्याचा शेंडा सेन्सरच्या समोर येतो. पान स्वतःलाच बघून मिटत होते. सेन्सर पानाच्या बाजूला, पुढे तोंड करून लावा आणि पान पूर्ण उघडे असताना समोर मोकळी जागा किती मोजली जाते ते आधी तपासा.

पुढची पावले

एक पान महिनाभर नीट चालले की मगच दुसरे करा. पाच-सात पाने एका फांदीवर लावली तर सगळी एकाच वेळी मिटवू नका. हाताच्या सर्वांत जवळचे पान आधी मिटू दे, पुढचे प्रत्येक पाव सेकंद उशिराने. लाजाळूच्या डहाळीवर संदेश तसाच सरकत जातो.

मोटर नसलेल्या वाटाही आहेत. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची नायटिनॉल तार तापली की आखडते आणि काहीही आवाज करत नाही. पण ती साधारण ४ टक्केच आखडते आणि त्यासाठी तिला ७० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. कागदाशी आणि बोटांशी तिची गाठ घालण्यापूर्वी मोटरीवर हात बसू द्या. हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलेले ओरिगामी स्नायू मला जास्त जवळचे वाटतात: हवाबंद पिशवीत घड्यांचा सांगाडा ठेवायचा आणि हवा ओढून घ्यायची. सांगाडा घडीच्या रेषेवर मिटतो आणि असा स्नायू स्वतःच्या वजनाच्या हजारपट भार उचलू शकतो. हीच कल्पना मोठ्या कलाकृतीत बघायची असेल तर स्टुडिओ ड्रिफ्ट या कलाकारांच्या गटाची 'शायलाइट' बघा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात, रात्री मिटणाऱ्या फुलांवरून सुचलेले रेशमी दिवे छतावरून खाली येतात, उमलतात आणि मिटून वर जातात.

आपल्या पानाची देखभाल थोडीच आहे. आठवड्यातून एकदा भोकांभोवतीची चिकटपट्टी बघा, उचकटली असेल तर बदला. हवा दमट असली की कागद ढिला पडतो आणि पान नेहमीपेक्षा जास्त उघडते. तेव्हा धागा अर्धा सेंमी आखूड करा, कोरड्या दिवसांत पुन्हा सोडा. घडीवर पांढरी रेघ दिसू लागली की नवे पान दुमडायला घ्या. जुन्या पानाची मोटर, धागा आणि मणी त्यालाही चालतात.